घरगुती एडीएस-बी डबा चांगलाच आहे, पण त्या फॉरवर्डवर विसंबून उडू नका

एक मेसेज सध्या एव्हिएशनवाल्या मराठी ग्रुपांमध्ये जोरात फिरतोय, आणि जास्त करून अमेरिकेत फ्लाइंग शिकायला निघालेली पोरं तो पुढे पाठवतायत म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) घ्या, दोन यूएसबी डोंगल घ्या, दहा-बारा हजारात घरच्या घरी एडीएस-बी (विमानं स्वतःची जागा रेडिओवरून सांगत राहतात ती पद्धत) ऐकणारा रिसीव्हर बनवा, की छोट्या सेसनातसुद्धा एअरलाइनसारखं आजूबाजूचं प्रत्येक विमान दिसतं, लाइव्ह हवामान दिसतं, एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा) एडीएस-बीचा नियमही पूर्ण होतो, ढगात शिरलात तरी आयपॅडवर होरायझन (कृत्रिम क्षितिज) आहेच, कंपन्या उगाच लुटतायत, आणि हे सगळं भारतातही असंच चालतं.

आधी खरं काय ते सांगतो, कारण मला हा डबा मनापासून आवडतो आणि इथे ओहायोत मी तो घेऊनच उडतो. स्ट्राटक्स नावाचा ओपन सोर्स प्रोजेक्ट २०१५ पासून आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्यातले डोंगल म्हणजे मुळात डिजिटल टीव्ही बघायला बनवलेल्या स्वस्त चिपा आहेत, ज्यांचा सर्वसाधारण रेडिओ रिसीव्हर म्हणून वापर करता येतो हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं. एडीएस-बी दोन फ्रीक्वेन्सींवर चालतं, एक डोंगल ९७८ मेगाहर्ट्झ ऐकतं, दुसरं १०९०, रास्पबेरी पाय ते डीकोड करतो आणि वायफायवरून फोरफ्लाइट, अव्हेअर, एफएलटीप्लॅन गो असल्या अ‍ॅपला पाठवतो. इंटरनेट लागत नाही, महिन्याची वर्गणी नाही. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पुढचं एकेक बघू.

एफएएचा नियम पूर्ण होतो म्हणे. अजिबात नाही. १ जानेवारी २०२० पासून जो नियम लागू झाला तो एडीएस-बी आउटचा आहे, म्हणजे तुमच्या विमानाने स्वतःची जागा, उंची आणि वेग सतत प्रक्षेपित करायचा. आपला डबा फक्त ऐकतो. घरात रेडिओ आणला म्हणून कोणी आकाशवाणीवर बोलायला लागत नाही, तसंच हे. आउटसाठी ठरलेल्या दर्जाचा ट्रान्समीटर आणि जीपीएस सोर्स विमानात रीतसर बसवावा लागतो, १०९० वाला किंवा १८,००० फुटांच्या खाली उडणार असाल तर ९७८ वाला चालतो, आणि त्याचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, म्हणून तर २०१६ मध्ये एफएएनेच छोट्या विमानांच्या मालकांना ५०० डॉलरची सूट देऊ केली होती. इनची, म्हणजे ऐकण्याची, सक्ती कोणावरच नाही.

आता मुख्य मुद्दा, "आजूबाजूचं प्रत्येक विमान दिसतं". हे वाक्य वाचूनच मी लिहायला बसलो, कारण यावर विश्वास ठेवणारा माणूस खिडकीबाहेर बघायचं कमी करतो.

डब्याला फक्त तेच विमान दिसतं जे स्वतः ओरडतंय, किंवा ज्याच्याबद्दल जमिनीवरचं स्टेशन ओरडतंय. अमेरिकेत आउट सगळीकडे लागत नाही. क्लास ए, बी, सी (नियंत्रित आकाशाचे वर्ग), मोठ्या विमानतळांभोवतीचा ३० नॉटिकल मैलांचा घेरा, साधारण १०,००० फुटांच्या वरचं आकाश, अशा ठिकाणी लागतं. त्याच्या बाहेर, गावाकडच्या धावपट्टीभोवती हजार फुटांवर, जिथे आपण शिकाऊ लोक सर्किट (धावपट्टीभोवतीचे ठरलेले फेरे) मारत असतो, तिथे बिनधास्त बिना एडीएस-बीचं विमान उडू शकतं आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. जुनी जे-३ कब घ्या, तिला मुळात इलेक्ट्रिकल सिस्टिमच नव्हती, तिला सवलत आहे. ग्लायडर, बलून, त्यांनाही आहे. ही सगळी मंडळी नेमकी आपल्याच उंचीवर असतात.

मग लोक म्हणतात की ग्राउंड स्टेशन रडारवरचं ट्रॅफिक पाठवतं ना. पाठवतं, त्याला टीआयएस-बी म्हणतात, ज्या विमानाकडे एडीएस-बी नाही पण ट्रान्सपॉन्डर (रडारच्या प्रश्नाला उत्तर देणारा रेडिओ) आहे आणि रडारला दिसतंय ते त्यातून येतं. पण ही सेवा आउट असलेल्या विमानासाठीच बनवली जाते. तुमचं विमान आउट करत असेल तर तुमच्याभोवती १५ नॉटिकल मैल आणि वरखाली ३,५०० फूट एवढ्या चकतीतलं ट्रॅफिक स्टेशन तुमच्यासाठी पाठवतं. आउट नसेल तर तुमच्यासाठी काहीच पाठवत नाही, आणि खरी गोम इथे आहे की तरीही स्क्रीन रिकामी राहत नाही, कारण पलीकडे दुसरं कोणी आउटवालं उडत असेल तर त्याच्यासाठी पाठवलेलं ट्रॅफिक तुमचा डबाही ऐकतो. म्हणजे पाच-सहा विमानं दिसतात, तुम्हाला वाटतं छान चाललंय, आणि तुमच्या शेजारचं सातवं त्या दुसऱ्याच्या चकतीबाहेर असल्यामुळे कुठेच नसतं. रिकामी स्क्रीन बघून निदान शंका तरी येते, अर्धी भरलेली स्क्रीन बघून तीही येत नाही.

शिवाय टीआयएस-बी रडारवरून येतं म्हणजे काही सेकंद जुनं असतं, रडार पोचत नाही तिथे नसतंच, आणि डबा ग्लेअरशील्डवर (समोरच्या काचेखालच्या पट्टीवर) ठेवलात तर मागून आणि खालून येणारं विमान तुमच्याच अ‍ॅल्युमिनियमच्या आड लपतं. (स्वतःच्या विमानाचा आयसीएओ कोड, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, सेटिंगमध्ये नक्की टाका, नाहीतर कधीकधी स्वतःचंच भूत बाजूला उडताना दिसतं आणि माणूस दचकून वळतो.)

दोन्ही विमानांत महागडी सिस्टिम असली म्हणून काम भागतं असंही नाही. १३ मे २०१९ ला अलास्कात केचिकनजवळ पर्यटकांना घेऊन जाणारी दोन फ्लोटप्लेन, एक बीव्हर आणि एक ऑटर, स्वच्छ दिवसा हवेत एकमेकांवर आदळली आणि ६ माणसं गेली. एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात चौकशी संस्था) चौकशीत जे काढलं ते प्रत्येक शिकाऊ पायलटने वाचावं. नुसत्या डोळ्यांनी बघून टाळण्याला मर्यादा आहेत हे एक, आणि दोन्हींकडच्या ट्रॅफिक डिस्प्लेने पायलटला ना दाखवून सावध केलं ना आवाज देऊन, हे दुसरं. ऑटरकडून उंचीची माहिती प्रक्षेपितच होत नव्हती, उड्डाणाआधीच्या चेकलिस्टमध्ये ते पकडलं गेलं नाही. म्हणजे पलीकडच्याच्या कॉकपिटमधली एक छोटी चूक तुमचा अलर्ट बंद करू शकते आणि तुम्हाला ते कळतही नाही.

आणि एअरलाइनसारखं म्हणताना टीकॅसचं (मोठ्या विमानांतली टक्कर टाळणारी यंत्रणा) नाव घेतात ते तर सोडूनच द्या. टीकॅस स्वतः दुसऱ्याच्या ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारतं, उत्तरावरून अंतर काढतं आणि "वर जा", "खाली जा" असं सांगतं, समोरच्याकडे टीकॅस असेल तर दोघांत ताळमेळ ठेवून सांगतं. आपला डबा कोणाला काही विचारत नाही.

आता हवामान. यात "लाइव्ह" हा शब्द सगळ्यात घातक आहे. ९७८ वरून एफआयएस-बी नावाची फुकट सेवा येते, त्यात मेटार (विमानतळावरचं सध्याचं हवामान), टाफ (तिथला अंदाज), पायलट रिपोर्ट, वरचे वारे, टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी) आणि नेक्सरॅड या हवामान रडारांचं चित्र असतं. चालू विमानात गुडघ्यावरच्या टॅबलेटमध्ये हे सगळं फुकटात मिळणं ही मोठीच गोष्ट आहे, मी ते नाकारत नाही. पण रडारचं चित्र कसं बनतं बघा. एकेक रडार वेगवेगळ्या कोनांत आकाश फिरून बघतं, त्याला काही मिनिटं लागतात, मग अनेक रडारांची चित्रं एकत्र जोडतात, मग ते स्टेशनवरून प्रक्षेपित होतं. जवळपासच्या भागाचं चित्र साधारण ५ मिनिटांनी नवं होतं, पूर्ण देशाचं १५ मिनिटांनी. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात जे "२ मिनिटांपूर्वीचं" लिहिलेलं असतं ते जोडलेलं चित्र तयार झाल्याची वेळ असते, रडारने पाऊस बघितल्याची नाही. एनटीएसबीने २०१२ मध्ये यावर खास सेफ्टी अलर्ट काढला, जीवघेण्या अपघातांचे दाखले देऊन, की दाखवलेल्या वयापेक्षा प्रत्यक्ष माहिती टोकाच्या परिस्थितीत १५ ते २० मिनिटं जास्त जुनी असू शकते. आता हिशोब करा, ४० नॉटने सरकणारा थंडरस्टॉर्म १५ मिनिटांत १० नॉटिकल मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर पुढे गेलेला असतो. स्क्रीनवर दोन लाल ठिपक्यांच्या मध्ये फट दिसते आणि माणूस तिकडे वळतो, तर तिथे आता फट नसतेच. हे चित्र लांबून वळसा घालायला वापरायचं, मधून वाट काढायला कधीच नाही. तीव्र थंडरस्टॉर्मपासून किमान २० मैल लांब राहा हे एफएएचं सांगणं याचसाठी आहे, आणि यात डबा घरचा का कंपनीचा याने काडीचा फरक पडत नाही, दोघांनाही तेच चित्र येतं.

अजून एक, सिग्नल सरळ रेषेत पोचतो, त्यामुळे बऱ्याच छोट्या विमानतळांवर जमिनीवर उभं असताना हवामान येतच नाही, थोडं वर गेल्यावर सुरू होतं. म्हणून निघायच्या आधीचं ब्रीफिंग या डब्यावर सोडायचं नाही, ते आधी रीतसर घ्यायचं.

ढगात होरायझन? नाही. डब्यात एक छोटा सेन्सर बोर्ड लावला की अ‍ॅपमध्ये कृत्रिम क्षितिज दिसतं हे खरं आहे. पण तो सेन्सर सक्शन कपवर किंचित वाकडा बसला, कॅलिब्रेशन हललं किंवा लांब वळणात सरकला तर क्षितिज चुकतं, आणि ढगात चुकलेलं क्षितिज हे क्षितिज नसण्यापेक्षा वाईट. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडण्याचा परवाना) नसलेल्याने ढगात जायचं नाही, विषय संपला.

कंपन्या लुटतात या मुद्द्यावर मात्र मी अर्धा सहमत आहे. घटक सुटे घेऊन, जीपीएस, सेन्सर, केस, पंखा, बॅटरी धरून अमेरिकेत दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास काम होतं, दहा-बारा हजार रुपयांत ते क्वचितच बसतं. तयार डबे तीनशे डॉलरच्या आसपासपासून सुरू होतात आणि चांगले पाचशे ते आठशेपर्यंत जातात. जास्तीचे पैसे कशाचे, तर आतली बॅटरी, तपासलेला अँटेना, काहींत कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर (हिवाळ्यात केबिन हीटर लावून उडणाऱ्याला हा एकटाच पैसे वसूल करून देतो असं माझं मत आहे), आणि बिघडलं तर बदलून देणारा कोणीतरी. घरच्या डब्यात हे सगळं तुमच्या डोक्याला. उन्हाळ्यात काचेखाली ठेवलेला रास्पबेरी पाय ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो, पंखा लागतोच. स्वस्त पॉवर बँकेची केबल बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि डबा मध्येच रीस्टार्ट होतो, नेमका उतरताना. अँटेनाचंही बघा, पाव तरंगलांबी ९७८ ला साधारण ७.७ सेंटीमीटर येते आणि १०९० ला ६.९, फरक डोळ्यांना कळत नाही म्हणून लोक अदलाबदल करतात आणि मग रेंज नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देतात. सोल्डरिंग आणि लिनक्सची आवड असेल तर जरूर बनवा, बनवताना जे कळतं ते विकत घेऊन कळत नाही. नुसते पैसे वाचवायचे असतील आणि आवड नसेल तर तयार घ्या. आणि आयएफआरमध्ये (उपकरणांवर उडायच्या नियमांखाली) असं सुटं उपकरण विमानाच्या रेडिओत किंवा नॅव्हिगेशनमध्ये ढवळाढवळ करत नाही हे बघायची जबाबदारी खाजगी विमानात पायलटची असते, विमान भाड्याचं असेल तर स्कूललाही आधी विचारा.

राहिलं भारताचं. ९७८ मेगाहर्ट्झवरचं फुकट हवामान ही अमेरिकेने स्वतःच्या ग्राउंड स्टेशनांतून उभी केलेली सेवा आहे. भारतात एडीएस-बी १०९० वर चालतं, ९७८ वर हवामान पाठवणारं कोणी नाही, रडारवरचं ट्रॅफिक छोट्या विमानांना पाठवणारं टीआयएस-बीही नाही. त्यामुळे बारामतीला किंवा धुळ्याला ट्रेनरमध्ये हा डबा ठेवलात तर हवामान शून्य, आणि ट्रॅफिकमध्ये मुख्यतः ३५,००० फुटांवरून जाणारी मोठी विमानं, ज्यांचा दोन हजार फुटांवरच्या शिकाऊला काही उपयोग नाही. सर्किटमधलं दुसरं ट्रेनर एडीएस-बी पाठवत नसेल तर ते दिसणारच नाही. जर्मनीत-इंग्लंडमध्ये असलेल्या आपल्या मंडळींनाही हेच, तिकडे एफआयएस-बी नाही, म्हणून स्ट्राटक्सची युरोपवाली आवृत्ती वेगळी आहे आणि ती ग्लायडरवाल्यांचं ८६८ मेगाहर्ट्झवरचं फ्लार्म (टक्कर टाळायची त्यांची यंत्रणा) ऐकते.

आणि अमेरिकेला जायच्या आधी पुण्यात बसून डबा बनवून बघताय, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. स्टेटस पेजवर ९७८ च्या रकान्यात शून्यच दिसत राहणार, कितीही वेळ ठेवा. डोंगल खराब नाही, बदलायला जाऊ नका. त्याच डोंगलला १०९० चा सिरियल (सॉफ्टवेअरला डोंगल कोणतं ते सांगणारा नंबर) द्या, अँटेना त्याचा लावा, लोहगावकडे येणारी विमानं दिसायला लागली की डोंगल ठीक आहे, मग सिरियल परत ९७८ चा करा आणि अँटेनावर लेबल चिकटवून बॅगेत टाका.