सैन्यातलं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट कुठे चालतं, कुठे अडतं

पेन्शनला तीन-चार वर्षं उरलेल्या जवानांसाठी ही पोस्ट आहे. घरी परतलेल्यांनाही उपयोगी पडेल, पण यातली निम्मी कामं वर्दीत असतानाच उरकायची असतात.

आधी त्या सर्टिफिकेटबद्दल. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झाली की ‘ग्रॅज्युएशन’ मिळतं आणि बरेच जण फॉर्मवर बिनधास्त ‘पदवीधर’ लिहितात. हे सर्टिफिकेट म्हणजे विद्यापीठाची पदवी नाही. ती एक सवलत आहे आणि तिची हद्द ठरलेली आहे: गट क ची पदं, जिथे पात्रता म्हणून पदवी मागितली आहे पण तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण-अनुभवाची अट नाही. तलाठी, बँकेतला क्लार्क, स्टाफ सिलेक्शनमधली गट क ची पदं इथे ती चालते. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, बँकेतला पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर), बी.एड., एलएल.बी., एम.ए. इथे चालत नाही. पीओच्या भरतीत तर माजी सैनिकांचा कोटाच नसतो. आणखी एक खोच म्हणजे १५ वर्षं जाहिरातीत दिलेल्या तारखेला पूर्ण लागतात. दोन महिने कमी पडले तरी कागदपत्र तपासणीत नाव जातं, आणि तोवर परीक्षा देऊन झालेली असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बारावी झाली असेल तर सेवेत असतानाच इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून खरी पदवी घ्या. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलैत, सत्र परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. बी.ए.ला किमान तीन वर्षं लागतात. बदली, फील्ड पोस्टिंग आणि रजेचा घोळ धरून चार धरा. जवानांचं गाडं बहुतेकदा परीक्षेत अडत नाही, असाइनमेंटमध्ये अडतं. पेपर पास, पण असाइनमेंट वेळेत जमा नाही किंवा जमा केल्याची पावती नाही, की तो विषय अपूर्ण दिसत राहतो. पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पोस्टिंग बदललं तर प्रादेशिक केंद्र बदलून घेता येतं, त्यासाठी वेळेत अर्ज करा. पदवी हातात आली की तिची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (सेवेच्या नोंदीतले बदल अधिकृत करणारा युनिटचा आदेश) करून घ्या, नाहीतर डिस्चार्ज बुकात शिक्षण ‘दहावी’च राहतं.

पार्ट टू ऑर्डरचा विषय निघालाच आहे तर बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि सेवेच्या कागदांशी ताडून बघा. युनिटमधला क्लार्क जे काम सेवेत असताना सहज करतो, त्यासाठी पेन्शननंतर रेकॉर्ड ऑफिसशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

आता कोटा. केंद्रात गट क मध्ये १० टक्के, सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांच्या गट क मध्ये १४.५ टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के. आपल्याकडचं आरक्षण समांतर आहे, म्हणजे माजी सैनिकाची जागा त्या-त्या सामाजिक प्रवर्गातच मोजली जाते. त्यामुळे ‘मी फौजी, मला जातीचा दाखला कशाला’ हे चालत नाही. ओबीसीतून अर्ज असेल तर नॉन-क्रीमीलेअर चालू मुदतीचं हवं. वयाचं गणित केंद्रात सोपं आहे: आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा करा, उरलेलं वय पदाच्या कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नको. ३८ वर्षांचा, १७ वर्षं सेवा झालेला हवालदार या हिशेबात २१ वर्षांचा ठरतो. अर्ज शेवटच्या वर्षात, सेवेत असतानाच करता येतो.

कोटा असूनही पुष्कळ जागा उमेदवार न मिळाल्याने इतरांकडे जातात. कारण साधं आहे, किमान गुण पडत नाहीत. गणित आणि बुद्धिमत्ता सोडून वीस वर्षं झालेली असतात. सहा महिने रोज दोन तास दिले तर हे दोन विषय परत हाताशी येतात. राज्याच्या भरतीसाठी एमएस-सीआयटीही उरकून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. कोट्यातून पहिल्या नियमित सरकारी नोकरीवर रुजू झालात की आरक्षणापुरता माजी सैनिकाचा दर्जा संपतो. समजा रेल्वेत लेव्हल १ वर, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनस्तरावर, रुजू झालात आणि बँकेचा निकाल पुढच्या महिन्यात आहे. केंद्राच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने यातून वाट दिली आहे. रुजू होण्याआधी ज्या-ज्या पदांसाठी अर्ज केले, त्यांची तारीखवार यादी रुजू होताच स्वयंघोषणापत्र म्हणून कार्यालयात द्यायची. जाहिरात क्रमांक, पद, अर्जाची तारीख लिहा आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसेल तर पुढे हुज्जत घालून उपयोग नाही. खासगी किंवा कंत्राटी नोकरीने मात्र हा दर्जा जात नाही.

ज्यांना परीक्षाच द्यायची नाही त्यांनी ट्रेडकडे बघावं. गावात पोचताच सिक्युरिटीचं काम मिळतं, म्हणूनच ते शेवटी बघा. बारा-बारा तासांच्या ड्युटीत पुढच्या कशाचीच तयारी होत नाही. लष्करातला इलेक्ट्रिशियन कितीही तरबेज असला तरी बाहेर वायरिंगची कामं अधिकृतपणे घ्यायला तारतंत्री परवाना लागतो. ड्रायव्हरने नागरी लायसन्सचं काम सेवेतच मार्गी लावावं. ड्रोनचा कोर्स करायचा तर संस्था डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यतेची आहे का ते पैसे भरायच्या आधी बघा, कारण रिमोट पायलट सर्टिफिकेट मान्य संस्थेतल्या प्रशिक्षणाशिवाय मिळत नाही. माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स चांगले आहेत, पण बरेच जण कोर्स निवडतात तो घराजवळचं केंद्र बघून. सहा महिने घरचं जेवण मिळतं हे खरं, पण त्या सर्टिफिकेटला पुढे कोणी विचारत नाही.

अग्निवीरांनी वरचं कोट्याचं प्रकरण स्वतःला लावू नये. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवा निधीचे, म्हणजे बाहेर पडताना एकरकमी मिळणाऱ्या पैशाचे, सुमारे ११.७१ लाख करमुक्त मिळतात आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत वेगळं आरक्षण आहे. इग्नूच्या खास बी.ए.त निम्मी क्रेडिट्स लष्करी प्रशिक्षणाची धरली जातात. उरलेले विषय तिसऱ्या वर्षापर्यंत संपवले तर बाहेर पडताना पदवी हातात असते, आणि सेवा निधीतला पैसा कॉलेजच्या फीवर खर्च होत नाही.