सिमकार्ड नाही हो काका, वायर आहे ती!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचं ज्ञानामृत: ‘मोबाईलचं सिम बदलतो तशी वीज कंपनी बदलता आली पाहिजे, मग बघा कसे सुतासारखे सरळ येतात!’ खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

काका, वीज कंपनी बदलली की काय होतं ते आमच्या घरात घडलंय. तेव्हा आम्ही मुंबई उपनगरात राहायचो. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला उपनगरातल्या घरगुती ग्राहकांना वीज विकायची मोकळीक दिली. पुढच्या वर्षी वीज नियामक आयोगाने वाट काढून दिली, की वायर आधीपासून उपनगरात वीज देणाऱ्या रिलायन्सचीच राहू दे, वीज टाटाची घ्या आणि वायरीचं भाडं भरा. बाबांनी हौसेने फॉर्म भरला. मीटर बदलला त्या संध्याकाळी पंख्याखाली खुर्ची ओढून बसले आणि वर बघत म्हणाले, "फरक वाटतोय का गं काही?" आई म्हणाली, "पंखा पुसायला झालाय, तेवढं दिसतंय."

पंखा तोच, वायर तीच, बिलावरचं नाव तेवढं नवं.

बिल उतरलं, खोटं का बोला. चुरस लागली की फोनही पटकन उचलतात, तेही मान्य. पण बाबा दोन्ही बिलं शेजारी मांडून पेन्सिलीने खुणा करायचे. वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क... आणि 2011 मध्ये त्यांची पेन्सिल एका नव्या ओळीवर अडली. क्रॉस सबसिडी अधिभार. "हे कोणाचे पैसे भरतोय आपण?"

जुन्या कंपनीकडे मागे राहिलेल्यांचे, बाबा! भरपूर वीज जाळणारे, चढ्या दराने बिल भरणारे सगळ्यात आधी उड्या मारून निघून गेले. त्यांच्या पैशावर ज्यांचा दर कमी राहायचा ते राहिले तिथेच. 2012 मध्ये आयोगाला शेवटी टाटाला सांगावं लागलं, की आता काही काळ महिन्याला 300 युनिटच्या आतलेच घरगुती ग्राहक घ्या. एवढं रामायण मुंबईत झालं, आणि आम्हाला सिमकार्ड शिकवताय?

आता नकाशा बघा. जानेवारी 2023 मध्ये महावितरणचे कर्मचारी संपावर गेले ते कशासाठी? अदानींच्या कंपनीने समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकायची परवानगी, मागितली होती. भाग कोणते? भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण. कारखाने, मॉल, वेळेवर बिल भरणारे आपल्यासारखे फ्लॅटवाले. मेळघाट नाही, नंदुरबार नाही. तिथे डोंगरावर चार घरांसाठी खांब कोण उभे करणार? तेव्हा बरी महावितरण आठवते!

महावितरणचे सगळे धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाहीये. शिव्या मीही घालते. पण भर पावसात खांबावर चढलेला वायरमन पाहिला की शिव्या घशातच राहतात, काय करू.

आणि स्पर्धा नेमकी कशात होणार, हे कोणी सांगेल का? वितरण कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च वीजखरेदीचा, आणि ते करार बहुतेक पंचवीस-पंचवीस वर्षांचे. 2003 च्या कायद्याने समांतर परवाना घेतला तर वायरींचं जाळं स्वतःचं टाकावं लागतं. म्हणजे त्याच रस्त्यावर पुन्हा खोदकाम, दुसऱ्या केबली, आणि तो खर्च त्यावरच्या नफ्यासकट आपल्याच दरात. जुनीच वायर वापरायची म्हटली तर पुन्हा बाबांचा पंखा.

बाबा शेवटपर्यंत नव्या कंपनीकडेच राहिले, हेही सांगून टाकते. "चार पैसे वाचतात ना," म्हणायचे. त्यांच्यावर कशाला चिडू? वाचत असतील तर कोण सोडेल? माणूस स्वतःच्या बिलाकडेच बघणार. पण म्हणूनच तर राज्याचं धोरण आपल्या बिलाकडे बघून ठरवायचं नसतं ना!

काका, राग मानू नका. परवाना हवा ना त्यांना? ठाण्याबरोबर दुर्गम धडगाव, अक्कलकुवा, भामरागडही घ्या म्हणावं, त्याच दरात. लिहून देत असतील तर तुमच्या त्या मेसेजला पहिला अंगठा माझा.