एस्बियर्गचं उदाहरण देताना जरा थांबा

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा विषय निघाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी मला टॅग करतंच, "तू तिकडे बंदराच्याच गावात राहतोस ना, सांग यांना, बंदर आलं की गाव कसं सुधारतं ते." आमचं घर तिथल्याच जवळच्या चिंचणीचं, अर्धे नातेवाईक बंदराच्या बाजूचे आणि अर्धे विरोधातले, त्यामुळे मी आपला अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसतो.

पण खरं सांगायचं तर मी राहतो ते डेन्मार्कमधलं एस्बियर्ग सुधारलं नाही, कारण सुधारायला आधी तिथे गावच नव्हतं! 1864 च्या युद्धात डेन्मार्कने प्रशिया-ऑस्ट्रियाकडून मार खाल्ला, श्लेस्विग-होलस्टाइन गेलं, त्याबरोबर तिकडची बंदरंही गेली, मग इंग्लंडला माल पाठवायचा कुठून, म्हणून 1868 ला कायदा करून या ओसाड किनाऱ्यावर बंदर बांधायला घेतलं. चार शेतघरं होती फक्त. 1901 पर्यंत 13 हजार लोक झाले. रस्ते आजही पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, जुनी वाकडी गल्ली शोधून सापडत नाही.

वाढवणला मात्र आधीपासून माणसं आहेत, मासेमारी करणारे मांगेले आहेत, बोटी आहेत, दागिन्यांचे साचे बनवणारे डायमेकिंगवाले आहेत. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने 1998 ला याच बंदराला नाही म्हटलं होतं आणि 2023 ला हो म्हटलं, आता 1,448 हेक्टर समुद्रात भराव होणार. तुलना करायचीच तर एस्बियर्गच्या समोरच्या फानो बेटाशी करा, तिथे आधीपासून माणसं होती, फेरीने बारा मिनिटं. एकेकाळी तिथल्या शिडाच्या जहाजांचा मोठा दबदबा होता, वाफेची जहाजं आली तसा तो ओसरला, आज तिथे टुरिस्ट.

एस्बियर्गचे मच्छीमार तरी कुठे राहिलेत? देशातलं सगळ्यात मोठं मासेमारी बंदर होतं हे, मग मासा कमी झाला, किती मासा पकडायचा यावर कोटे आले, बोटी गेल्या. मधल्या काळात समुद्रात तेल सापडलं, नंतर पवनचक्क्या आल्या, 2002 ला हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पाच्या 80 टर्बाइन इथूनच गेल्या, म्हणून गाव तरलं आणि माझी नोकरीही त्यातलीच, तेव्हा मला बंदराला नावं ठेवणं जरा जडच जातं. आज धक्क्यावर कोळंबीपेक्षा टर्बाइनची पाती जास्त दिसतात.

मामेभाऊ विचारतो, मग बंदर नको म्हणतोस का? अरे, मी विचारतोय की आपल्या मामाचं जाळं गेलं तर त्याला साठाव्या वर्षी क्रेन चालवायला कोण घेणार, तेवढं आधी कागदावर दाखव.