गॅस की लाकूड: परसातली शेकोटी

परसातल्या शेकोटीसाठी लाकडापेक्षा गॅस बरा, असं शेकोटीवरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेसारखी दाट वस्ती असेल, शेजारी दम्याचं माणूस असेल, तर मान्य. तिथं धूर करूच नये. पण एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की खाली साचतो. म्हणून गॅसची शेकोटी खड्ड्यात बसवू नका. उघड्यावर, जमिनीपासून उचलून, खालून वारा खेळेल अशी ठेवा.

पन्हाळ्याकडं मोकळी जागा असेल तर मी लाकूडच म्हणेन. गॅस बंद केला की ऊब गेली; बाभळीचे निखारे मात्र उशिरापर्यंत धग देतात, त्यावर कणसंही भाजता येतात. फक्त लाकूड खडखडीत वाळलेलं हवं, पावसाळ्यात झाकून ठेवलेलं. ओलं लाकूडच जास्त धुमसतं. उसाची चिपाडं भपकन पेटून संपतात, ती पेटवणापुरतीच.

आणि कडेला पंचगंगेतले गोटे कृपा करून लावू नका! आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात, तुकडे अंगावर येतात. पोरं भोवती बसलेली असतात हो. चांगल्या भाजलेल्या कोरड्या विटा लावा.