रेशन कार्ड वाहून गेलं म्हणून डायलिसिस थांबवायचं?

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला, धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूम भागातली घरं पाण्यात गेली आणि पाणी ओसरायच्या आत एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागला. मजकूर साधारण असा: "पूरग्रस्तांना कार्डाशिवाय मोफत उपचार दिले तर बोगस लोकांचंच फावेल. रेशन कार्ड वाहून गेलं असेल तर आधी दुय्यम प्रत काढा, मगच योजनेच्या दवाखान्यात जा. सरकारी दवाखाना मोफत आहेच, जखमींना वेगळे पैसे मिळतातच. सवलत द्यायचीच तर आठ दिवस पुरे." ही योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, तिच्यात रेशन कार्ड दाखवून ठरावीक रुग्णालयांत मोफत उपचार मिळतात.

माझ्या मावशीनं हा मेसेज वाचला आणि खरा धरला. काका डायलिसिसवर आहेत. रेशन कार्ड, आधार, डायलिसिसची फाइल, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं. पेटी सापडली तेव्हा आत चिखल आणि कागदांचा लगदा. मावशीनं तो लगदा शेजाऱ्यांच्या माडीवर वाळत घातला आणि काकांना म्हणाली, "कारड निघूस्तोर थांबा." डायलिसिसची पाळी चुकली. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायला लागला, तेव्हा मला फोन आला. म्हणून हे शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

'आधी दुय्यम प्रत काढा' हे वाक्य ज्यानं लिहिलं, त्यानं डायलिसिसचा रुग्ण जवळून पाहिलेला नाही. किडनी निकामी झालेल्या माणसाच्या अंगात पाणी आणि पोटॅशियम साचत जातं, पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडतं. आणि प्रत काढायची कुठून? पुरानंतर तलाठी पंचनाम्याला गेलेले असतात, सेतू केंद्रात लाइट असली तर नेट नसतं.

मुळात कार्ड भिजलं म्हणून नोंद पुसली जात नाही. प्रत्येक रेशन कार्डाला बारा अंकी नंबर आहे, तो ऑनलाइन आहे. रेशन दुकानदार मशीनवर अंगठा घेतो आणि घरातल्या सगळ्यांची नावं समोर येतात. अंगठ्यावर गहू-तांदूळ मिळतो, मग त्याच नोंदीवर उपचार का मिळू नयेत? फुले योजनेत तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन दाखल करायची आणि कागद मागाहून द्यायची सोय आधीपासून आहे. पण ठरलेल्या पाळीचं डायलिसिस 'तातडीचं' धरायचं की नाही, इथं काउंटरवरचा माणूस अडतो. शिथिलता हवी आहे ती नेमकी इथं.

हे कुणी करून दाखवलंय का, असं विचारणाऱ्यांसाठी जपानचं उदाहरण पुरे आहे. मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर तिथल्या आरोग्य मंत्रालयानं दवाखान्यांना कळवलं की विम्याचं कार्ड नसलं तरी नाव, जन्मतारीख, संपर्क आणि पत्ता किंवा नोकरीचं ठिकाण सांगितलं की विम्यातून उपचार द्या. एरवी तिथं बहुतेकांना खर्चातले 30 टक्के स्वतः भरावे लागतात, घर गमावलेल्यांना तेही माफ केले. जानेवारी 2024 मध्ये नोतो भागात भूकंप झाला तेव्हा पुन्हा हेच केलं. कागदपत्रांच्या बाबतीत इतका काटेकोर देश संकटात माणसाच्या शब्दावर उपचार देतो.

आता बोगसचा मुद्दा. घोटाळे होतात, हे मान्य करावंच लागेल. केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले असल्याचं कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, 2023 च्या अहवालात आहे. पण ती गडबड कॉम्प्युटरवर नोंदी भरताना झाली, पुरात कार्ड गेलेल्यांनी केली नाही. शिवाय फुले योजनेत रुग्णाच्या हातात एक रुपया येत नाही, पैसे थेट रुग्णालयाला जातात. तपासायची तर रुग्णालयाची बिलं तपासा. आणि 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड असलेलं कुटुंब वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांना पात्र धरलं आहे. जवळपास सगळं गाव मुळातच पात्र असताना खोटं नाव सांगून कुणाला काय मिळणार?

सरकारी दवाखाना मोफत आहे, हे अर्धं खरं. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत. पण प्रत्येक तालुक्याला पुरेशी डायलिसिस मशीन आणि व्हेंटिलेटर नाहीत, म्हणून तर खाजगी रुग्णालयं योजनेत घेतली.

जखमींचे पैसे म्हणजे किती? आपत्ती मदतीच्या निकषांत गंभीर जखमी माणूस आठवड्याहून कमी दाखल असेल तर 5,400 रुपये, जास्त असेल तर 16,000. तापानं फणफणलेला माणूस यात बसतच नाही.

आणि आठ दिवस? चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस लागण झाल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतो, कधी महिनाही लागतो. डेंग्यूचे डास साचलेल्या पाण्यात त्यानंतर वाढतात. पूरग्रस्त गावांना कागदांची सवलत किमान तीन महिने हवी, आणि डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे चालू उपचार त्यात नाव घेऊन लिहिलेले हवेत.

तोवर कुणाचं कार्ड गेलं असेल तर घरी बसू नका. योजनेच्या रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, कुठं बसतात ते विचारा, आधार किंवा रेशनचा नंबर फोनमध्ये असेल तर तो दाखवा. जुन्या रुग्णाची माहिती रुग्णालयाच्या दप्तरी असते, ती काढायला लावा. अडवलं तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला फोन करा. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवर दिसेल, त्याच ग्रुपवर त्याच्याखाली हा नंबर टाका.