प्रतिक्रियेला उत्तर : मासाच्चोच्या चित्रात देव निमित्तमात्र नाही

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं : रेनेसाँचा (युरोपातल्या प्रबोधनकाळाचा) मानवतावाद म्हणजे धर्माला सोडचिठ्ठी, येशू-मरिया रंगवले गेले ते चर्च पैसे मोजत होतं म्हणून, आणि इटालियन चित्रकार मासाच्चोच्या ‘ट्रिनिटी’त (पिता परमेश्वर, क्रुसावरचा येशू आणि पवित्र आत्मा यांचं चित्र) खरं महत्त्व पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे सपाट भिंतीवर खोली भासवण्याच्या, गणिताला, विषय केवळ निमित्त. शिवाय पोपच्या सिस्टीन चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या नग्न आकृत्या पुढे झाकल्या गेल्या, हा दाखला.

पहिल्या मुद्द्याचं थोडक्यात. पंधराव्या शतकातले मानवतावादी म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, इतिहास, काव्य आणि नीतिशास्त्र शिकवणारे, जुनी हस्तलिखितं धुंडाळणारे लोक. १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिणारा अल्बेर्ती पोपच्या कचेरीत नोकरीला होता. प्लेटोचा भाषांतरकार फिचिनो १४७३ मध्ये धर्मगुरू झाला. पोपच्या राजकीय हक्कांचा आधार असलेलं कॉन्स्टन्टाइनचं दानपत्र बनावट आहे हे १४४० मध्ये दाखवून देणारा लोरेन्झो वाल्लासुद्धा पुढे पोपच्याच चाकरीत गेला. धर्मसंस्थेशी भांडणं वेगळं आणि श्रद्धा सोडणं वेगळं.

आता चित्र. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं हे भित्तिचित्र साधारण १४२७ चं, साडेसहा मीटरहून उंच. चांगला प्रिंट घ्या आणि वरच्या कमानदार छताच्या चौकटींच्या मागे जाणाऱ्या कडांवर पट्टी ठेवून रेषा खाली वाढवा. त्या क्रुसाच्या पायथ्याशी, देणगीदार जोडपं गुडघे टेकून बसलंय त्या पायरीच्या आसपास एकत्र येतात. हा व्हॅनिशिंग पॉइंट चर्चमध्ये उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. पुस्तकातला फोटो बहुधा चित्राच्या मध्यावर कॅमेरा धरून काढलेला असतो, त्यामुळे छत उगाच ताणल्यासारखं वाटतं. स्क्रीनवर बघत असाल तर ती पायरी डोळ्यांच्या रेषेत आणा, फरक लगेच कळेल.

हे गणित मासाच्चोने अंदाजाने केलेलं नाही. वास्तूच्या रेषा ओल्या गिलाव्यात कोरल्याच्या खुणा आजही दिसतात, मरियेच्या चेहऱ्यावर तर चौकटींची जाळी कोरलेली आहे. फ्रेस्कोत, म्हणजे ओल्या गिलाव्यावरच्या अशा भित्तिचित्रात, दुरुस्तीला फारसा वाव नसतो. त्या दिवशी लावलेला चुन्याचा गिलावा ओला आहे तोवरच रंग त्यात मुरतो. नंतर लावलेला वरच राहतो आणि काळाच्या ओघात पोपडे होऊन गळतो. म्हणून मोजमाप आधीच पक्कं लागतं.

आणि एवढा काटेकोर माणूस एका ठिकाणी नियम मोडतो : पिता परमेश्वर. खालून बघताना त्याची आकृती आखूड दिसायला हवी, हनुवटी खालून दिसायला हवी. ती सरळ समोरून दिसते. पाय मागच्या भिंतीलगतच्या कट्ट्यावर, हात मात्र पुढे असलेल्या क्रुसाला आधार देणारे. तो नेमका किती आत उभा आहे हे मोजायला गेलं की हिशेब लागत नाही. पट्टी माणसाला लागू, वास्तूला लागू, देवाला नाही. माझ्या मते हा निर्णय आहे, चूक नव्हे. (त्याच्या दाढीखाली पांढरी कॉलर वाटते ती नीट बघा. ते पवित्र आत्म्याचं कबुतर आहे.)

‘निमित्त’वाला समज रुजायला एक कारणही आहे. १५७० च्या सुमारास चित्रकार-वास्तुकार वासारीने या चित्रापुढे नवी वेदी उभारली आणि ते झाकलं गेलं. १८६० मध्ये वरचा भाग सापडला, तो भिंतीवरून काढून प्रवेशद्वाराकडच्या भिंतीवर नेला. चित्राच्या तळाशी रंगवलेला माणसाचा सांगाडा १९५२ पर्यंत जागेवरच दडून होता. म्हणजे नव्वदेक वर्षं लोकांनी अर्धंच चित्र पाहिलं. सांगाड्यावर लॅटिन नव्हे, बोली इटालियनमध्ये लिहिलंय : ‘तुम्ही आहात तो मी होतो, मी आहे ते तुम्हीही व्हाल.’ खालून वर वाचा : मरण, मग प्रार्थना करणारं जोडपं, मग आपल्याकडे बघत क्रुसाकडे हात करणारी मरिया, मग येशू. डोळ्यांची रेषा बरोबर मरण आणि प्रार्थना यांच्या सीमेवर आणून ठेवायला ते गणित वापरलंय.

पैशाचं म्हणाल तर देणारे चित्रातच आहेत. ते सामान्य गृहस्थ आहेत, संतांएवढ्याच आकाराचे, फक्त खांबांच्या बाहेर.

सिस्टीनचा दाखला खरा, पण काळ बघा. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने चित्रांबद्दलचा ठराव १५६३ च्या डिसेंबरात केला, चित्रकार दानिएले दा व्होल्तेर्राने त्या आकृत्यांवर वस्त्रं रंगवली १५६५ मध्ये. त्याआधी १५४१ पासून मायकेलअँजेलोचं तेच ‘अंतिम न्याय’ हे चित्र पोपच्या खासगी चॅपेलात उघडं होतं, आक्षेप घेणारे तेव्हाही होते. आणि मृतांनी शेवटच्या दिवशी देहासकट उठायचं ही शिकवण चर्चचीच होती. मायकेलअँजेलोने ती शब्दशः रंगवली.