पिल्लाचं नाक शूमध्ये घासा म्हणणाऱ्यांनो

खारी घरी येऊन साडेतीन महिने झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती, आपली साधी गावठी कुत्री, रंग बेकरीतल्या खारीसारखा म्हणून नाव खारी. आणि ती आल्यापासून नातेवाईक, शेजारी, ऑफिसमधले, लिफ्टमध्ये भेटलेले अनोळखी काका, सगळ्यांनी मिळून मला एकच सल्ला किमान वीस वेळा दिलाय, की घरात शू केली ना, मानगूट धरायची आणि नाक घासायचं त्यात, दोनदा केलं की तिसऱ्यांदा करायची नाही. इतक्या कॉन्फिडन्सने सांगतात की आपल्यालाच वाटतं आपण येडे.

हा सल्ला साफ चुकीचाय. आणि मी तो एकदा करून बघितलाय म्हणून सांगतेय.

चौथ्या की पाचव्या दिवशी ऑफिसचा कॉल संपवून बाहेर आले तर हॉलमधल्या गालिच्यावर हे एवढं तळं, आणि ही शेजारी गाढ झोपलेली. तीन रात्रींची माझी झोप झाली नव्हती, डोकं फिरलं, उचललं आणि घासलं नाक. ती केविलवाणी ओरडली ते अजून आठवतं. आणि शिकली काय? तर ही बाई बघत असताना शू करायची नाही. झालं. त्यानंतर आठ-दहा दिवस ती सोफ्याच्या मागे, पडद्याआड, पलंगाखाली जाऊन करायला लागली आणि मी शूसाठी अंथरलेल्या पेपरवर नेऊन उभी केली की माझ्याकडे टकामका बघत बसायची, करायचीच नाही. म्हणजे होतं तेवढंही बिघडवलं मी.

आमच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कुत्र्याच्या डोक्यात केलेली गोष्ट आणि तिचा परिणाम जोडला जायला मध्ये एखाद-दोन सेकंदच असतात. पंधरा मिनिटांनी ओरडलात तर ते त्या क्षणी जे करतंय त्याला ओरडा पडला असं समजणार. ती झोपली होती. म्हणजे तिच्या लेखी मी तिला झोपल्याबद्दल मारलं.

मग लोक म्हणतात, अहो पण त्यांना कळतं, चेहरा बघा कसा चोरासारखा करतात. यावर कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर प्रयोग केला होता, २००९ साली छापून आला. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्लाय की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंधच निघाला नाही, मालक रागावला की तो चेहरा येतो. अगदी काहीही न केलेल्या कुत्र्याला रागावलं तरी येतो. म्हणजे ती शरम वगैरे काही नाही, आपल्याला घाबरलेलं असतं ते.

बाबांचं (माझे सासरे) म्हणणं अजून वेगळं. "अगं आमच्या गावाला कोण शिकवत होतं कुत्र्यांना? आपोआप बाहेर जायची." हे खरंय. आणि मी यावर बराच विचार केला, कारण उत्तर याच्यातच आहे. पिल्लू मुळात झोपायची जागा घाण करत नाही, अगदी लहान असल्यापासून जागेवरून उठून जरा लांब जाऊन करतं. गावी पडवीत झोपलेलं पिल्लू चार पावलं टाकली की अंगणात, अजून दहा टाकली की उकिरड्यावर. काम झालं. आता आमचा तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके बघा. हिची चादर हे हिचं घर, आणि चादर संपली की उरलेला सगळा फ्लॅट हे हिचं अंगण. ती बिचारी शहाण्यासारखी चादरीवरून उठून लांब जाऊन करतेय, आणि आपण म्हणतो घरात केली!

म्हणून शिकवायचं असतं ते "इथे करू नको" नाही, "हे सगळं घर आहे" हे. त्याला वेळ लागतो. आम्ही आधी तिला एकच खोली दिली, बाकी दारं बंद. आणि घड्याळ लावलं. दोन महिन्यांचं पिल्लू ढोबळमानाने दोन-तीन तास धरू शकतं, तेही झोपलेलं असेल तर, खेळताना वीस मिनिटांनीसुद्धा करतं. झोपून उठलं की, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, आणि खेळून झालं की, या तीन वेळा पक्क्या. रात्री तीनचा अलार्म मी महिनाभर लावला. नवरा म्हणायचा उद्या मी उठतो. असो.

खरी मास्तरीण मात्र आमच्याकडे फरशी पुसायला येणाऱ्या मावशी. दुसऱ्या आठवड्यातच म्हणाल्या, "ताई, ती हुंगत गोल गोल फिरायला लागली ना की लगेच उचला, तुम्ही मोबाईलमध्ये असता म्हणून तुम्हाला दिसत नाही." चपराकच होती, पण बरोबर होती. पेपरवर केली की त्याच सेकंदाला शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, घरात दुसरीकडे झाली तर चूप, पुसून मोकळं.

पुसण्यावरून आठवलं, फिनाईलने भागत नाही. आपल्या नाकाला वास गेला असं वाटतं, तिच्या नाकाला जात नाही, आणि वास राहिला की ती तिची हक्काची जागा होते. पेटशॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते लघवीतले घटकच तोडतं. महाग आहे पण घ्या. गालिचा मात्र सहा महिन्यांसाठी गुंडाळून माळ्यावर टाका. मऊ आणि शोषणारं काहीही दिसलं की यांना मोह होतो, आमची दोन पायपुसणी त्यात गेली.

आता पेपर का, सरळ खाली का नाही नेलं? तर लसींमुळे. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो आणि पिल्लांना मारतो, त्यामुळे साधारण सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण होईपर्यंत जिथे बाकीची कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका असं आम्हाला सांगितलं होतं. पण पेपरचा तोटा असा की पिल्लू शिकतं पेपर म्हणजे संडास. एप्रिलमध्ये एका सकाळी बाबा आजचा पेपर सोफ्याजवळ जमिनीवर ठेवून चहा आणायला गेले आणि खारीने अग्रलेखावर केली. मी तर तिला शाबासकीच दिली, नियम म्हणजे नियम. बाबा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

मेमध्ये खाली न्यायला लागलो तर पहिले तीन दिवस बाईसाहेब पाऊण तास फिरून, सगळं हुंगून, घरी येऊन पेपरवर. चौथ्या दिवशी मी शूचा पेपर पिशवीत घालून खाली नेला आणि गुलमोहराखाली अंथरला, वॉचमन काका बघतच राहिले. पण तिथे केली! मग रोज पेपरचा तुकडा लहान करत नेला.

सोसायटीत त्यावरूनही कुरकुर झालीच, कुत्रं ठेवता येत नाही वगैरे. तशी बंदी घालता येत नाही, केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये ते स्वच्छ लिहिलंय. पण त्याच तोंडाने हेही म्हणते की आपल्या कुत्र्याची शी न उचलता नियम दाखवायला येणाऱ्या पेट पेरेंट्सचा मलाही राग येतो. दोन रुपयांची पिशवी असते.

सध्याचा प्रॉब्लेम वेगळाच आहे. पाऊस सुरू झालाय आणि हिला ओल्या गवतावर पाय ठेवायचा नाही. जिन्याच्या दारात उभी राहून आभाळाकडे बघते आणि परत वर. आज सकाळी बाबा तिला छत्री धरून पार्किंगमध्ये अर्धा तास उभे होते, काही उपयोग नाही. कुणाचं कुत्रं यातून गेलं असेल तर काय केलंत ते सांगा.